कमी युरियाचा गहू आणि उकिरड्याची जागा

2023 च्या दिवाळीआधी मामासाहेबांचा फोन आला, तेव्हा ते खताच्या रांगेत उभे होते. मागून कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागत होतं. "अगं, तू गव्हाच्या बियाण्यात एवढी वर्षं काढलीस. निम्म्या युरियात येणारा गहू काढलाय म्हणे शास्त्रज्ञांनी. मला ते बी मिळवून दे. ही रांग आता गुडघ्यांना झेपत नाही."

मी पीक पैदास, म्हणजे नवी वाणं तयार करण्याचं शास्त्र, शिकले आणि पंधरा वर्षं वाणांच्या चाचण्यांत काम केलं. त्यामुळे असं बी दुकानात मिळत नाही, एवढं मला माहीत होतं. पण नुसतं "नाही" म्हणणं मला पटेना, कारण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. एका वाणाला दुसऱ्यापेक्षा कमी नत्र (नायट्रोजन) पुरतं का, आणि पुरत असेल तर कशामुळे, हाच प्रश्न आज तृणधान्यांच्या पैदाशीत कळीचा आहे. तेव्हा आम्ही ठरवलं की त्या रब्बीत त्यांच्याच शेतात बघायचं. हा त्या दीड एकराचा वृत्तांत. त्यात आम्ही एक मोठी चूक केली आणि एकदा चुकीचा निष्कर्षही काढला. दोन्ही गोष्टी इथे लिहिल्या आहेत.

शेत देपालपूरकडे आहे, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरापासून साधारण तासाभराच्या वाटेवर. जमीन माळव्याची खोल काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, जराशी विम्लतेकडे, म्हणजे अल्कधर्मीपणाकडे, झुकणारी. पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत गहू, हे चक्र तिथे तीस-पस्तीस वर्षं चालू आहे. सोयाबीन हवेतलं नत्र बांधतं म्हणून पुढच्या गव्हाला फुकटचं खत मिळतं, असं गावात सगळे मानतात. ते अर्धंच खरं आहे. सोयाबीनच्या दाण्यात इतकं प्रथिन असतं की बांधलेल्या नत्रातला मोठा वाटा पोत्यात भरून मंडीत जातो, जमिनीत थोडंच उरतं.

मामासाहेब पेरणीबरोबर एकरी एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारं खत) देतात, पुढे दोन पाण्यांच्या वेळी मिळून तीन गोण्या युरिया. (गावात सगळं बिघ्यात बोलतात, पण बिघा गावागणिक बदलतो, म्हणून मी एकरात लिहिते आहे.) युरियाची गोणी 45 किलोची आणि त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे गोणीमागे 20.7 किलो. तीन गोण्यांचे 62 आणि डीएपीच्या 50 किलोंतले 9, असे एकरी 71 किलो. हेक्टरी धरलं तर 175. इंदूरकडच्या बागायती कठिया (रवा-शेवयांच्या कडक) गव्हाची शिफारस हेक्टरी 140 आहे. त्यांना हा हिशोब सांगितला तेव्हा ते म्हणाले, "शेजारी चार टाकतो." आणि विषय तिथेच संपला.

टाकलेलं सगळं नत्र पिकात जात नाही हे कुणालाही ठाऊक असतं, पण किती जातं हा आकडा ऐकून माणूस थबकतो. जगभरच्या तृणधान्यांचा हिशोब 1999 मध्ये मांडला गेला, तेव्हा टाकलेल्या नत्रापैकी साधारण 33 टक्केच दाण्यात पोचतं असं निघालं होतं. बाकीचं कुठे जातं? वर फेकलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो, आणि आपल्यासारख्या विम्ल जमिनीत तो जास्तच उडतो. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट जमिनीच्या कणांना चिकटत नाही, पहिल्या भरघोस पाण्याबरोबर भेगांतून खाली उतरतं आणि विहिरीत जातं. पाणी तुंबलं तर त्याचाच नायट्रस ऑक्साइड होतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशेपट तापमान वाढवतो. मामासाहेबांच्या रांगेचं दुःख आणि विहिरीच्या पाण्याचं दुःख एकाच गोणीतून येतं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा नीट जाणवलं.

सहा पट्टे

वाणं तीन घेतली. पहिलं पूसा तेजस, म्हणजे एचआय 8759, इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रातून आलेला कठिया. महाराष्ट्रात ज्याला बक्षी किंवा बन्सी म्हणतात त्या जातकुळीचा. याचं सरासरी उत्पादन हेक्टरी 57 क्विंटल आणि प्रथिन 12 टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. दुसरं लोक-1, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निवडलेला जुना, दणकट, सगळीकडे चालणारा गहू. तिसरा मामींचा आग्रह होता: सुजाता. उंच वाढणारा, शरबती दाण्याचा, ज्याची पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. "तुमचे प्रयोग होत राहतील, घरच्या पोळ्यांचं काय?" असं त्यांनी विचारलं आणि तो पट्टा आखला गेला.

प्रत्येक वाणाचे दोन पट्टे, पाव-पाव एकराचे. एकात मामासाहेबांची नेहमीची मात्रा, दुसऱ्यात युरिया निम्मा, म्हणजे एकरी दीड गोणी. डीएपी सगळीकडे सारखा. याप्रमाणे भरपूर पट्ट्यांत एकरी 71 किलो नत्र पडलं आणि निम्म्या पट्ट्यांत 40.

मला सातवा पट्टा हवा होता, अजिबात युरिया नसलेला. त्याशिवाय जमीन स्वतःहून किती नत्र देते हे कळत नाही. मामासाहेब म्हणाले, "रस्त्याला लागून शेत आहे. पिवळा पट्टा दिसला तर लोक विचारतील, पैसे नव्हते का?" मी आग्रह धरला नाही. तीच ती मोठी चूक. दुसरी कमतरता मला तेव्हाही दिसत होती. प्रत्येक पट्टा एकदाच होता, आणि एकदाच पेरलेल्या पट्ट्यावरून वाणाबद्दल बोलू नये हे मी स्वतः शिकाऊ पोरांना सांगत आले आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी झाली. मुकुटमुळं फुटायच्या सुमाराला, एकविसाव्या दिवशी, पहिलं पाणी आणि त्यासोबत अर्धा युरिया. जानेवारीच्या सुरुवातीला मी गेले तेव्हा बांधावर उभं राहून सहाही पट्टे वेगळे ओळखता येत होते. भरपूर नत्राची पात काळपट हिरवी, रुंद, टोकाशी झुकलेली. निम्म्याची पोपटी आणि ताठ. फुटवे मोजले, तर तेजसच्या निम्म्या पट्ट्यात भरपूरपेक्षा थोडे कमी आणि सुजातात जवळजवळ सारखे. लोक-1 चा निम्मा पट्टा मात्र चक्रावून टाकणारा होता. पूर्वेकडचं टोक इतकं हिरवं की त्याला चारही गोण्या पडल्या असाव्यात असं वाटावं. मी वहीत लिहिलं: "लोक-1, कमी नत्रात उत्तम रंग." आज ते वाक्य वाचताना वाईट वाटतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका रात्री वारा आणि पाऊस आला. सकाळी सुजाताचा भरपूर पट्टा जमिनीशी लोळलेला होता, ओंब्या चिखलात. शेजारचा निम्मा पट्टा वाकला होता, पण उभा होता. उंच गव्हाला युरिया पाजला की काडी लांबते, मऊ पडते आणि ओंबीचं ओझं पेलत नाही. नॉरिन-10 या जपानी गव्हातली बुटकेपणाची जनुकं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी ज्या वाणांत आणली, त्यांचं मोल नेमकं याच्यात होतं. खत वाढवलं तरी तो गहू आडवा होत नसे. 1966 मध्ये भारताने मेक्सिकोतून लेर्मा रोहो आणि सोनोरा-64 चं 18 हजार टन बी आणलं ते यासाठीच. पण त्या बुटकेपणाची एक किंमत होती, ती बऱ्याच वर्षांनी कळली. हीच जनुकं झाडाची वाढ रोखणारी प्रथिनं साठवून ठेवतात, आणि त्यामुळे झाड नत्र ओढून घ्यायलाही मंदावतं. खत भरपूर असलं की ते जाणवत नाही. खत कमी केलं की जाणवतं.

वजनकाट्यावरचा आनंद

मार्चच्या शेवटी कापणी झाली. प्रत्येक पट्ट्याची मळणी वेगळी केली आणि वजन एकरी हिशोबात लिहिलं. तेजस भरपूर 22 क्विंटल, निम्मा 20.5. सुजाता भरपूर 12, लोळल्यामुळे. निम्मा 14. लोक-1 भरपूर 18.5 आणि निम्माही जवळजवळ 18.5.

मामासाहेबांनी पोतं थोपटलं. "हे घे तुझं कमी युरियाचं बी. घरातच होतं!" संध्याकाळपर्यंत गावात बातमी गेली. मीही खूश होते हे मान्य करते. जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं, स्वस्त वाण नत्र वाचवणारं निघावं, ही गोष्ट कुणालाही आवडेल अशीच होती.

रामबागेत परतल्यावर मी कापणीआधी घेतलेल्या पिशव्या उघडल्या. प्रत्येक पट्ट्यात पाच ठिकाणी एक मीटरची लोखंडी चौकट टाकून आतला गहू विळ्याने कापला होता आणि वेगळा बांधला होता. हाताने चोळून, उफणून दाणे तोलले. तेजसच्या पाचही पिशव्या एकमेकींच्या आसपास. लोक-1 च्या निम्म्या पट्ट्यात मात्र पूर्वेकडच्या दोन पिशव्यांत प्रत्येकी 560 ग्रॅमच्या आगेमागे आणि पश्चिमेकडच्या तिघींत 370 च्या. एकाच वाणात, एकाच मात्रेत, तीस पावलांवर दीडपट फरक!

मी मामींना फोन करून विचारलं, लोक-1 च्या पूर्वेच्या टोकाला पूर्वी काय होतं. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, तिथेच तर आपला उकिरडा होता. गोठा विहिरीकडे हलवला तेव्हा बुजवला. बारा-तेरा वर्षं झाली."

बारा वर्षांपूर्वीचं शेणखत अजून त्या कोपऱ्याला नत्र पुरवत होतं. युरिया एका हंगामात संपतो. कुजलेल्या शेणातलं नत्र सेंद्रिय पदार्थात अडकून राहतं आणि जिवाणू ते वर्षानुवर्षं चिमूटचिमूट सोडतात. याच इंदुरात 1924 मध्ये उभ्या राहिलेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेण, काडीकचरा आणि मुतारीची माती थरांनी रचून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. हॉवर्ड त्याआधी गव्हाचे पैदासकार होते, पूसा-12 सारखी वाणं त्यांच्या हातची. वाण बदलून जे मिळतं त्यापेक्षा जमीन बदलून जास्त मिळतं, असं त्यांना पुढे वाटू लागलं. आमच्या उकिरड्याने त्या म्हणण्याला एक चौकट भरून पुरावा दिला.

पश्चिमेकडच्या तीन पिशव्यांवरून लोक-1 चं खरं निम्मं उत्पादन एकरी 15 क्विंटल धरावं लागलं. म्हणजे भरपूरपेक्षा साडेतीन क्विंटलची घट, तिन्ही वाणांत सगळ्यात मोठी.

या जागी मी थोडी थांबते, कारण कमी नत्रासाठीची पैदास इतकी हळू का चालते याचं उत्तर याच तीस पावलांत आहे. शेतात खत भरपूर घातलं की जमिनीतले उंचसखल भाग झाकले जातात. सगळीकडे पोटभर असतं, मग जो फरक दिसतो तो बहुतेक वाणाचा असतो. खत काढून घेतलं की जमिनीचा इतिहास वर येतो: कुठे उकिरडा होता, कुठे बाभळीखाली गुरं बसत, कुठून पाणी वाहून गेलं. हजार ओळींमधून (म्हणजे अजून वाण न ठरलेल्या उमेदवार कुळांमधून) पाच निवडायच्या असतील तर पैदासकाराला सांगता येत नाही की हे झाड चांगलं आहे की त्याची जागा. म्हणून निवड बहुतेक वेळा शिफारशीच्या पूर्ण खतावर होते. तिथे जी ओळ चमकते ती पुढे जाते. गरीब जमिनीत जी चमकली असती ती पहिल्याच वर्षी पोत्याबाहेर राहते.

मक्यावर मेक्सिकोतल्या कामात याचा सरळ हिशोब केला गेला. कमी नत्रामुळे उत्पादन सुमारे 40 टक्क्यांहून जास्त पडत असेल, तर भरपूर खतावर केलेली निवड कामाला येत नाही, कमी नत्रातच निवडावं लागतं. घट त्याहून कमी असेल तर भरपूर खतावरची निवडही चालते. आमच्या शेतातली घट तेजसमध्ये सात टक्के आणि लोक-1 मध्ये एकोणीस. म्हणजे आमचा "निम्मा" पट्टा खऱ्या अर्थाने उपाशी नव्हताच. मामासाहेबांची जमीन चांगली आहे, आणि नेहमीची मात्रा गरजेपेक्षा जास्त आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

दाताखालचा दाणा

खरा प्रश्न मात्र मंडीत उभा राहिला. तेजसचे दोन ढीग वेगळे ठेवून मामासाहेबांनी ते रव्याच्या गिरणीसाठी खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याला दाखवले. सरकारी खरेदीत त्या वर्षी 2275 रुपये हमीभाव आणि राज्याचा 125 बोनस मिळून 2400 होते. कठियाला बाहेर त्यापेक्षा जास्त मिळेल अशी आशा होती. व्यापाऱ्याने भरपूर पट्ट्याच्या ढिगातला एक दाणा दाताखाली धरून फोडला. आतून काचेसारखा, अंबरी. 2700 म्हणाला. निम्म्याच्या ढिगातून मूठ काढून तळहातावर पसरली. चार-पाच दाण्यांआड एका दाण्यावर पांढरट पिवळा डाग, काहींची अर्धी बाजू खडूसारखी. "पोटिया आहे," एवढंच बोलला आणि 2500 वर आला.

पोटिया हा रोग नाही. दाणा भरताना नत्र कमी पडलं की प्रथिनाची जाळी विरळ राहते, पिष्टाच्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि दाणा अपारदर्शक दिसतो. असा दाणा गिरणीत रव्याऐवजी पिठासारखा भुगा होतो. त्याच्या शेवया उकळताना चिकट होतात. व्यापाऱ्याने भाव पाडला यात त्याची लबाडी नव्हती. मामासाहेबांना तसं वाटलं, पण मी दोन्ही ढिगांचे नमुने तपासून घेतले. भरपूर: प्रथिन 12.3 टक्के. निम्मा: 9.9. सुजाताचा निम्मा 12.5 आणि लोक-1 चा पश्चिमेकडचा 10.8.

आता नत्राच्या "कार्यक्षमते"चा हिशोब करून बघा. 1982 मध्ये मक्याच्या अभ्यासातून या कल्पनेची जी फोड झाली ती आजही वापरतात. पहिला भाग, जमिनीत उपलब्ध असलेल्या नत्रातलं झाड किती ओढून घेतं. दुसरा भाग, ओढलेल्या प्रत्येक किलोमागे किती दाणा बनवतं. दोहोंचा गुणाकार म्हणजे एकूण कार्यक्षमता. आम्हाला शून्य पट्टा नसल्यामुळे जमिनीचा वाटा कळत नाही, पण टाकलेल्या किलोमागे दाणा मोजला तर तेजस निम्म्याने 51 किलो दिला आणि भरपूरने 31. निम्मा पट्टा सरळ जिंकतो.

पण गव्हाच्या प्रथिनाला 5.7 ने भागलं की नत्र मिळतं. तेजस भरपूरच्या 22 क्विंटलांत 47.5 किलो नत्र होतं, निम्म्याच्या 20.5 क्विंटलांत 35.6. उत्पादन सातच टक्के घटलं, पण दाण्यातलं नत्र पाव भागाने. म्हणजे झाडाने कमी नत्र मिळाल्यावर काय केलं? दाण्यांची संख्या बऱ्यापैकी सांभाळली आणि प्रत्येक दाण्यातलं प्रथिन पातळ केलं. दुधात पाणी घालून लोटा भरावा तसं. टाकलेल्या किलोमागे किती दाणा, या मापाने पाहिलं तर हे झाड हुशार ठरतं. मंडीच्या आणि ताटाच्या मापाने नाही.

सुजाताची बाजूही बघण्यासारखी आहे. प्रथिनाच्या टक्क्यात ती सगळ्यांच्या वर, म्हणून "जुना गहू कमी खतातही कसदार" असं मामींनी लगेच ठरवलं. पण 14 क्विंटलांत 12.5 टक्के म्हणजे एकरी 30.7 किलो नत्र. त्याच मात्रेत तेजसने 35.6 उचललं होतं. सुजाता जास्त नत्र घेत नव्हती, दाणा कमी करून तेच नत्र घट्ट ठेवत होती. मेक्सिकोतल्या सोनोरात 1950 पासून 1985 पर्यंतचे गहू चार वेगवेगळ्या नत्रमात्रांवर शेजारी शेजारी लावून बघितले होते. तिथे नवे वाण प्रत्येक मात्रेत जुन्यांच्या पुढे होते, कमी नत्रातही. नवीन गहू म्हणजे खताचं व्यसन लागलेला गहू, हा समज मला चुकीचा वाटतो, आणि तो माझ्या स्वतःच्या घरातही आहे म्हणून इथे लिहिते.

म्हणून मला वाटतं, "कमी नत्रात येणारा गहू" असं एक वाण शोधणं हीच चूक आहे. त्या नावाखाली दोन अगदी वेगळी झाडं येतात. एक, जे मुळांनी जास्त ओढतं. दुसरं, जे दाण्यात कमी घालतं. पोत्यावर दोन्ही सारखी दिसतात. पैदासकाराने पहिल्याचा पाठलाग करायला हवा. आणि दुसरं फसवून पुढे येऊ नये म्हणून उत्पादनाबरोबर प्रथिन मोजल्याशिवाय एकही ओळ निवडू नये. ज्या ओळीचं प्रथिन तिच्या उत्पादनावरून अपेक्षित असतं त्यापेक्षा वर आहे, तीच ठेवावी.

अशी झाडं कुठून यायची? काही दारं उघडली आहेत. खपली गव्हाच्या रानटी पूर्वजात एक जनुक आहे, 6बी या गुणसूत्रावरचं, 2006 मध्ये ते वेगळं काढलं गेलं. पीक पिकताना ते पानांना लवकर रिकामं करतं आणि त्यातलं नत्र, लोह, जस्त दाण्याकडे पाठवतं. आपल्या बहुतेक लागवडीच्या गव्हांत त्याची बिघडलेली प्रत आहे. पण माळव्यात मार्चचं ऊन आधीच पीक घाईला आणतं. तिथे पान अजून लवकर पिकलं तर दाणा भरायला दिवस कमी पडतील, म्हणून हे जनुक इथे डोळे मिटून घालावं असं मी म्हणणार नाही. भातात 2018 मध्ये असं दाखवलं गेलं की जीआरएफ-4 नावाचं जनुक जोरात चाललं तर बुटक्या झाडाची नत्र ओढण्याची मंदावलेली ताकद परत येते, आणि उंची मात्र वाढत नाही. त्याआधी 2015 मध्ये, भाताच्या दोन मुख्य कुळांपैकी इंडिका हा जपोनिकापेक्षा नायट्रेट जास्त का ओढतो, याचं कारण मुळातल्या एका वाहक प्रथिनाच्या फरकात सापडलं होतं.

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते रानगवताचं काम. लायमस रेसिमोसस नावाचं वाळूत उगवणारं एक गवत आहे. त्याच्या मुळांतून असे पदार्थ पाझरतात की युरियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथे मंदावतात. नत्र अमोनियमच्या रूपात राहतं, मातीच्या कणांना धरून राहतं, भेगांतून खाली पळत नाही. जपान आणि मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी त्या गवताच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात आणला आणि 2021 मध्ये जाहीर केलं की कमी नत्रातही त्या गव्हाचं उत्पादन वाढलं, दाण्याचं प्रथिन न घटता. 2015 पासून आपल्याकडे सगळा युरिया कडुलिंबाचं तेल लावून येतो. तेल जे बाहेरून आणि थोडे दिवस करतं, ते काम मुळं हंगामभर आतून करतील. मामासाहेबांना हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मुळंच राखण करतील." याहून नेमकं मराठी वाक्य मला सुचलं नसतं.

पैशाचं गणित मात्र कडू आहे. युरियाची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. दीड गोणी वाचवून मामासाहेबांचे एकरी 400 रुपये वाचले. गेले किती? दीड क्विंटल गव्हाचे 4050 आणि पोटियामुळे पडलेल्या भावाचे 4100. एकरी पावणेआठ हजारांचा खड्डा. "मग मी युरिया का वाचवू?" हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला. जास्तीच्या दीड गोणीतल्या 31 किलोंपैकी फक्त 12 किलो जास्तीचं नत्र दाण्यात आलं होतं. बाकीच्या 19 किलोंपैकी काही काडीत गेलं, काही विहिरीत, काही हवेत. पण त्या 19 किलोंचं बिल त्यांना येत नाही. सरकारी खरेदीच्या निकषांत ओलावा आहे, माती-कचरा आहे, फुटका-आकसलेला दाणा आहे. प्रथिनाचा रकानाच नाही. ज्या वाणात नत्र घट्ट राहतं त्याला जास्त भाव मिळत नसेल, तर पैदासकाराने ते आणून द्यावं कुणासाठी? बियाणं बदलण्याआधी हा रकाना यावा असं मला मनापासून वाटतं.

2024 च्या रब्बीत आम्ही फक्त तेजस लावला. एकरी दोन गोण्या युरिया, पण तीन हप्त्यांत: पहिल्या पाण्याला पाऊण, फुटव्यांच्या जोरात पाऊण आणि उरलेली अर्धी पोटरीत, ओंबी बाहेर येण्याआधी. पोटरीतलं नत्र काडी वाढवण्यात खर्च होत नाही, ते सरळ दाण्याच्या प्रथिनात जातं. उतारा 21.5 क्विंटल, प्रथिन 11.8, आणि तळहातावर पोटिया शोधावा लागला. पूर्वीपेक्षा एक गोणी कमी. ही करामत वाणाची नाही, वेळेची आहे, आणि पैदास करणारीने हे कबूल केलं पाहिजे. बी मिळेपर्यंतची दहा वर्षं शेतकऱ्याने काय करायचं, त्याचं उत्तर मात्र त्यात आहे.

त्याच हंगामात शून्याचा पट्टाही झाला. मामासाहेबांनी स्वतः दोरी धरली, उकिरड्याच्या कोपऱ्यापासून शंभर पावलं मोजली आणि रस्त्याच्या कडेलाच खुंट्या ठोकल्या. जानेवारीत तो पट्टा पिवळा पडला तेव्हा जाणारे-येणारे थांबून विचारायचे. ते प्रत्येकाला बांधावर उभं करून सांगत, की जमीन आपल्या खिशातून किती देते हे मोजायला ठेवलाय. त्या पट्ट्याने एकरी साडेबारा क्विंटल दिले.

आता वहीत दोन वर्षांचे आकडे आहेत. मामींनी तेजसचा रवा काढून मागच्या अंगणात खाटेवर शेवया वाळत घातल्या होत्या, दोन वेगळ्या चादरींवर, एक भरपूरच्या दाण्याची आणि एक निम्म्याच्या. उकळल्यावर कुठली कुठली ते न सांगता त्यांनी वाढल्या. मामासाहेबांनी पहिल्या घासाला ओळखली.